काल ते काम कोणी केलं?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझा संशोधनाचा आराखडा आणि सोबतची प्रश्नावली, दोन्ही सावकाश वाचली. घरातल्या रोजच्या सवयींतून स्त्री-पुरुष नातं कसं बदलतं हा विषय तू मनापासून घेतला आहेस, हे जाणवतं. म्हणूनच सविस्तर लिहिते आहे.

प्रश्नावलीतला पहिलाच प्रश्न काढून टाक. ‘घरकाम नवरा-बायकोने वाटून घ्यावं असं तुम्हाला वाटतं का?’ याला बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. ते खोटं बोलत असतील असंही नाही. त्यांचं मत खरोखर तसंच असेल. पण तुझा विषय सवय आहे, आणि मत विचारून सवय कळत नाही. त्याऐवजी विचार: ‘काल उठल्यापासून काय काय केलंत, क्रमाने सांगा.’ ‘मूल गेल्या वेळी तापाने फणफणलं तेव्हा कामावर रजा कोणी टाकली? ते कसं ठरलं?’ या शेवटच्या प्रश्नापाशी थांब, घाई करू नकोस. पुष्कळदा उत्तर येईल, ‘त्यात ठरवायचं काय?’ ज्या गोष्टी ठरवाव्याच लागत नाहीत, त्यांच्याच शोधात तू निघाला आहेस.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांच्या 1989च्या अभ्यासातलं एक जोडपं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. दोघंही नोकरी करणारे, लहान मूल, आणि कामाच्या वाटणीवरून वर्षानुवर्षं भांडणं. अखेर तोडगा निघाला: वरचा मजला तिचा, खालचा त्याचा. वरच्या मजल्यात स्वयंपाकघर, बैठकीची खोली, झोपण्याच्या खोल्या, न्हाणीघरं असं जवळजवळ सगळं घरच आलं. खाली गाडीची जागा, अडगळ आणि त्याच्या छंदांचं सामान. कुत्र्याची जबाबदारीही त्याची. आणि दोघंही सांगत, आमच्यात वाटणी बरोबरीची आहे. हॉकशील्ड यांनी या जोडप्याला लबाड ठरवलं नाही. संसार टिकावा म्हणून दोघांनी मिळून एक समजूत उभी केली होती, आणि ती उभी ठेवण्यात तिचेही कष्ट होते, असं त्यांनी दाखवलं. ‘आम्ही निम्मं-निम्मं करतो’ हे वाक्य ऐकलंस की ते खोडून काढायला धावू नकोस. त्या निम्म्यात काय काय धरलं आहे, ते एकेक करून विचार.

मोजमापाबद्दल तू एकच परिच्छेद लिहिला आहेस, तो अपुरा आहे. अ‍ॅन ओकली यांनी 1974 साली लंडनमधल्या 40 गृहिणींचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात घरकामाची सरासरी आठवड्याला 77 तास निघाली. त्या काळी घरकाम हा समाजशास्त्राचा विषयच मानला जात नव्हता. ओकलींनी त्याकडे कामाचे तास, एकसुरीपणा, समाधान अशा कामगारांच्या अभ्यासातल्या कसोट्या लावून पाहिलं. त्याआधी, 1965च्या सुमारास, अलेक्झांडर सलाई यांच्या पुढाकाराने 12 देशांत दिवसभराच्या वेळेच्या नोंदी गोळा झाल्या होत्या. आज युरोपातल्या वेळवापराच्या पाहण्यांत बहुधा दिवसाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून नोंद करून घेतात. ‘आठवड्यात किती तास घरकाम करता?’ असं थेट विचारलं तर बायका आणि पुरुष दोघंही आकडा फुगवून सांगतात; नोंदवहीत तो बराच खाली येतो. तेव्हा नोंदवही वापर. पण त्यात ‘त्याच वेळी आणखी काय करत होतात?’ हा रकाना हवाच. तो नसेल तर मुलांवर लक्ष ठेवणं हे काम कागदावरून नाहीसं होतं, कारण ते जवळजवळ नेहमी दुसरं काहीतरी करता करताच होत असतं.

नोंदवहीतही न मावणारं एक काम आहे आणि तुझ्या आराखड्यात त्याचं नावही नाही. अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी 35 जोडप्यांच्या मुलाखतींवरून 2019 मध्ये घर चालवण्यातल्या डोक्याच्या कामाचे चार भाग मांडले: पुढे काय लागेल ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि ठरलेलं झालं का यावर नजर ठेवणं. निर्णय बहुतेक जोडपी मिळून घेत होती. पहिला आणि शेवटचा भाग मात्र मुख्यतः बायकांकडे होता. म्हणजे ‘आम्ही सगळं चर्चा करून ठरवतो’ असं सांगणारा नवरा खरंच सांगतो आहे. फक्त ती चर्चा करायची वेळ आली आहे, हे कोणाच्या लक्षात आलं ते त्याच्या सांगण्यात येत नाही. तू ते विचारायचं. डॉक्टरची वेळ कोणी घेतली एवढ्यावर थांबू नकोस. लसीची तारीख जवळ आली हे आधी कोणाला आठवलं, तिथपर्यंत जा.

सिद्धान्ताच्या प्रकरणात तू ज्युली ब्राइन्स यांचा 1994चा निष्कर्ष ठामपणे दिला आहेस, की कमाईसाठी बायकोवर अवलंबून असलेले नवरे पुरुषपण जपण्यासाठी घरकाम आणखी कमी करतात. ऐकताक्षणी पटावं असंच ते आहे, म्हणून जरा जपून. नंतरच्या फेरतपासणीत तो निष्कर्ष नमुन्यातल्या अगदी टोकाच्या थोड्या घरांवर उभा असल्याचं दिसलं. 2007 मध्ये संजीव गुप्ता यांनी दाखवलं की बायकोच्या घरकामाच्या तासांचा संबंध मुख्यतः तिच्या स्वतःच्या कमाईशी आहे. ती नवऱ्यापेक्षा जास्त कमावते की कमी, याला तेवढं महत्त्व नाही. हा वाद पूर्ण मांड. आपल्या मनाला पटणारा निष्कर्ष जास्त कसून तपासायचा असतो.

आता ज्यासाठी हे पत्र मुळात लिहायला घेतलं ते. कँडेस वेस्ट आणि डॉन झिमरमन यांनी 1987 मध्ये मांडलं की स्त्री किंवा पुरुष असणं ही रोजच्या वागण्यातून, समोरच्याला पटेल अशा रीतीने, पुन्हा पुन्हा करत राहण्याची गोष्ट आहे. तुझा सगळा आराखडा यावर उभा आहे आणि पाया भक्कम आहे. पण हा चष्मा लावला की जिकडेतिकडे जुनंच दिसायला लागतं. बाईने स्वयंपाक केला तर जुनी रीत. पुरुषाने केला तर ‘मदत’ म्हणून केला, म्हणजे पुन्हा जुनीच रीत. मग बदल दिसणार तरी कसा? फ्रान्सिन डॉइच यांनी 2007 मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. तुझ्या आराखड्याच्या शीर्षकात ‘बदल’ आहे आणि तो ओळखायची एकही खूण तू ठरवलेली नाहीस. मुलाखतींना हात घालण्याआधी लिहून काढ, की काय दिसलं तर इथे बदल झाला असं तू मान्य करशील.

बदल होतो आणि तो मोजताही येतो. नॉर्वेने 1993 मध्ये पालकत्वाच्या रजेतले चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. त्यांनी घेतले नाहीत तर ते वाया जात. बरीच वर्षं उलटल्यावर आंद्रेआस कोत्सादाम आणि हेनिंग फिन्सेरोस या संशोधकांनी नियमाच्या जरा आधी आणि जरा नंतर मूल झालेल्या पालकांची तुलना केली. नंतरच्या गटात घरकामावरून होणारे खटके सुमारे 11 टक्क्यांनी कमी होते, आणि कपडे धुण्याचं काम सारखं वाटून घेण्याची शक्यता 50 टक्क्यांनी जास्त. कोणाला उपदेश करून हे झालं नव्हतं. काही आठवडे बाळाची जबाबदारी अंगावर पडली आणि त्या दिवसांत लागलेलं वळण पुढे टिकलं. तुझ्या मुलाखतींत असेच सांधे शोध: पहिलं मूल, नोकरी सुटणं, आजारपण, घर बदलणं. जुनी घडी तिथे मोडते आणि नवी बसायच्या आत थोडा काळ सगळं उघड बोललं जातं.

तू पुरुष आहेस, याची नोंद पद्धतीच्या प्रकरणात हवी. बायका तुझ्यासमोर नवऱ्याची बाजू सावरून घेतील, पुरुष तुला आपल्यातला धरून बोलतील. दोन्ही प्रकारचं बोलणं उपयोगाचंच आहे, फक्त ते कोणासमोर बोललं गेलं हे लिहून ठेव. कोणी उलट तुलाच विचारलं, ‘तुमच्या घरी कोण करतं?’ तर टाळू नकोस, खरं काय ते सांग. ओकलींना मुलाखतीत बायका असेच प्रश्न विचारायच्या आणि त्या उत्तरं द्यायच्या; संशोधकाने तटस्थ राहून फक्त विचारत जावं हा दंडक त्यांनी 1981च्या लेखात उघडपणे नाकारला.

नवरा-बायकोशी वेगवेगळं बोलशील तेव्हा एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जाता कामा नये, सहज ओघातसुद्धा नाही. तू निघून गेल्यावर त्यांना एकाच घरात राहायचं असतं. अहवालात नावं बदलून भागणार नाही. नवऱ्याला बायकोचं वाक्य नावाशिवायही ओळखू येतं. असं वाक्य कितीही बोलकं असलं तरी सोडून दे.

पहिल्या दोन जोडप्यांच्या मुलाखती झाल्या की शब्दशः उतरवून मला पाठव. सारांश नको. कोण कुठे अडखळलं, कोण कुठे हसलं, तेही त्यात असू दे. त्या वाचून मग प्रश्नावली पुन्हा लिहू.

सस्नेह,
तुझी मार्गदर्शक