वाचकांचे प्रश्न : पायपातला क्षार, काळा चिखल आणि बांधावरचा खांब

प्रश्न : सर, आमची मोसंबीची बाग हाय, बोअरचं पाणी लई जड. ड्रिपच्या नळ्या क्षारानं चोंदल्या की ॲसिड सोडतो, मोकळ्या होतात. तेलाच्या पायपातबी क्षार बसतो म्हणायलेत, मग तिथं कामून ॲसिड सोडत नाहीत?
– एक बागायतदार, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : सोडतात की, तेलाच्या विहिरीत तर बऱ्याचदा सोडतात. तुमच्या नळीतला क्षार बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि तेलाबरोबर खालचं पाणी वर येताना दाब उतरतो, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो अन् तोच क्षार तिथंही पायपाला आतून धरतो, हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की फेस येऊन विरघळतो. पण तुमची नळी प्लास्टिकची, तिकडचा पाईप पोलादाचा. नुसतं ॲसिड गेलं तर क्षारासोबत पाईपही खाऊन टाकील, म्हणून त्यात इनहिबिटर मिसळतात, ते धातूवर पातळ थर धरतं.

खरी डोकेदुखी बेरियम सल्फेटची. तेल वर ढकलायला समुद्राचं पाणी जमिनीत सोडतात, त्यात लिटरमागे साधारण 2.7 ग्रॅम सल्फेट असतं, खालच्या पाण्यात बेरियम असलं की दोघांची गाठ पडते अन् असा टणक थर बसतो की ॲसिड त्याला काहीच करत नाही. उत्तर समुद्रातल्या विहिरींना याचा फार त्रास झाला. म्हणून सल्फेट आधीच मेंब्रेननं, म्हणजे अगदी बारीक छिद्रांच्या पडद्यातून, गाळून काढणं बरं, नंतर खरवडत बसण्यापेक्षा. आणि चोंदणं दरवेळी क्षारानंच होतं असंही नाही, राजस्थानातल्या बाडमेरच्या तेलात मेण एवढं आहे की गार झालं की गोठतं, ते गुजरातला नेणारी लाईन 65 अंशांच्या वर तापवत ठेवावी लागते.

प्रश्न : दादा, माझा मुलगा समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ट्रेनी आहे. पाईप साफ करताना काळा चिखल निघाला, सडक्या अंड्यासारखा वास होता म्हणाला. मला रात्रभर झोप नाही. धोक्याचं आहे का?
– एक आई, उदगीर

उत्तर : ताई, धोका आहे, पण त्याची काळजी घ्यायची पद्धतही ठरलेली आहे. पाईप साफ करायला त्यात पिग सोडतात, पायपाच्या मापाचा गोळाच म्हणा, मागून दाब देऊन पुढं ढकलतात, तो गाळ, मेण, साचलेलं पाणी सगळं पुढं लोटत नेतो. पाणी तेलाहून जड, लाईन हळू चालली की तळाला बसतं, त्या गाळाखाली जिवाणू वाढतात अन् सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तोच तो वास. हा वायू लोखंडाशी भिडला की काळं आयर्न सल्फाइड होतं, म्हणजे त्या चिखलात पायपाचं स्वतःचं लोखंड असतं. तो चिखल सुकला तर हवेत आपोआप पेटू शकतो, म्हणून ओला ठेवतात.

मुलाला एकच सांगा, वास बंद झाला म्हणजे वायू गेला असं धरू नको. 100 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत वायूचे 100 भाग, याच्या आसपास नाकाची वास घ्यायची ताकदच जाते. अंगावरचा डिटेक्टर वाजला की काम सोडून वाऱ्याच्या आडव्या दिशेनं निघायचं, कुणी पडलेला दिसला तरी श्वासाचा सेट लावल्याशिवाय जवळ जायचं नाही.

आणि साफसफाई टाळली तर काय होतं ते अलास्कातल्या प्रुढो बे या तेलक्षेत्रात दिसलं. तिथल्या एका लाईनीत 1998 नंतर पिगच फिरला नव्हता, तळाला गंजून भोक पडलं अन् मार्च 2006 मध्ये 2 लाख गॅलनपेक्षा जास्त तेल बर्फावर सांडलं, कळलं ते तिथून जाणाऱ्या कामगाराला वास आला म्हणून. तुमचा मुलगा करतोय ते काम फार मोलाचं आहे ताई.

प्रश्न : बांधावर गॅस लाईनचा खांब आहे, डबीत तारा आहेत. भंगारवाला तांबं म्हणून मागायलाय. देऊ का?
– शेतकरी, जि. जालना

उत्तर : अजिबात नाही! त्या तारा खालच्या पायपाला जोडलेल्या असतात. काळी जमीन ओल धरते, पाईप बाहेरून गंजू नये म्हणून त्याला हलका करंट देतात, याचं मूळ इंग्रज शास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीनं 1824 मध्ये जहाजांवर केलेल्या प्रयोगात आहे. करंट पोचतो का ते त्या डबीत मोजतात, साधारण उणे 0.85 व्होल्ट किंवा त्याहून खाली हवं. तार तुटली की तिथलं मोजमापच बंद. शेततळ्याला नाहीतर चरीला जेसीबी लावायचा असेल तर आधी खांबावरच्या नंबरला फोन करा, बकेटचा दात लागून वरचं कोटिंग खरवडलं तर नेमकी तीच जागा आधी गंजते.