सेटिंगची फाइल नसेल तर बिल्डने काय करावं?

प्रश्न : आमच्या अंधेरीच्या ऑफिसात प्रत्येकाच्या मशीनवर स्वतःची सेटिंगची फाइल असते, ती गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) जात नाही. नव्याने रुजू झालेल्यांनी कोड उतरवून मेक (कोडपासून प्रोग्रॅम बांधणारं साधन) चालवलं की फाइल सापडत नाही म्हणून बिल्ड तिथेच थांबतो. म्हणून मेकफाइलमध्ये (मेकच्या सूचनांच्या फाइलमध्ये) दुसरी फाइल आत घेणाऱ्या 'इन्क्लूड'च्या आधी उणे चिन्ह दिलं. आता बिल्ड पूर्ण होतो, पण परवा सर्व्हरचा पत्ताच नसलेलं पॅकेज टेस्टिंगला गेलं. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : उणे चिन्हामुळे जीएनयू मेक (मेकचा प्रचलित प्रकार) फाइल नसल्याची तक्रार करत नाही, एवढंच. फाइलचं नाव चुकलं तरी तो तितकाच गप्प बसतो. त्यात न ठरवलेलं व्हेरिएबल म्हणजे रिकामी अक्षरमाळा. फक्त पत्ताच गहाळ झाला हे त्यातल्या त्यात बरं. 'क्लीन'मध्ये फोल्डरच्या नावापुढे तिरकी रेघ असेल आणि नाव रिकामं निघालं, तर पुसण्याची आज्ञा थेट रूटवर, म्हणजे सगळ्या फाइलींच्या मुळाशी असलेल्या फोल्डरवर जाते.

आधी सेटिंगचे दोन गट करा. कंपायलर, आउटपुट फोल्डर यांना प्रश्नचिन्ह-बरोबरने (?=, म्हणजे आधी ठरली नसेल तरच ही किंमत) डिफॉल्ट द्या, आणि तेही इन्क्लूडच्या ओळीखाली. मात्र एन्व्हायर्नमेंटमध्ये (मेकला बाहेरून मिळणाऱ्या व्हेरिएबलांत) तेच नाव रिकाम्या किमतीने आलं असेल, तर मेक ते 'ठरलेलं' धरतो आणि डिफॉल्ट लागत नाही.

सर्व्हरचा पत्ता, पासवर्ड यांना डिफॉल्ट देऊच नका. तिथे बिल्ड थांबलाच पाहिजे. किंमत 'स्ट्रिप' करून (कडेच्या मोकळ्या जागा काढून) रिकामी आहे का पाहा आणि 'एरर' फंक्शनने थांबवा. संदेशात कोणतं नाव भरायचं आणि कोणत्या नमुना फाइलची कॉपी करायची, हे दोन्ही लिहा. ही नमुना फाइल मात्र गिटमध्ये हवीच.

ही तपासणी मेकफाइलच्या सुरुवातीला उघडी ठेवलीत तर 'मेक क्लीन'सुद्धा अडेल. तिचं वेगळं फोनी टार्गेट (ज्यातून फाइल बनत नाही असं नुसतं नाव) करा आणि 'एरर' त्याच्या रेसिपीत, म्हणजे त्याखालच्या आज्ञांत ठेवा. रेसिपी चालवायची वेळ आली तरच ती उलगडते. पत्ता वापरणाऱ्या प्रत्येक टार्गेटला ही तपासणी उभ्या रेघेनंतर, म्हणजे ऑर्डर-ओन्ली (आधी चालेल, पण टार्गेट नव्याने बनवायला लावणार नाही) म्हणून जोडा. रेघेआधी लिहिलीत तर ते टार्गेट दर वेळी नव्याने बनेल. नुसती 'ऑल' या सगळं बनवणाऱ्या टार्गेटच्या यादीत पहिली टाकून भागत नाही, कारण समांतर बिल्डमध्ये यादीतला क्रम पाळला जाईलच असं नाही.

सेटिंग बदलल्यावर जुन्याच ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन बनलेल्या) वापरल्या जाऊ नयेत, म्हणून त्यांना सेटिंगची फाइल प्रीरिक्विझिट (आधी लागणारी गोष्ट) द्या; पण फाइल असेल तरच तिचं नाव देणाऱ्या 'वाइल्डकार्ड' फंक्शनमधून, म्हणजे ती नसलेल्या मशीनवरही बिल्ड अडणार नाही.