स्पीड टेस्ट चांगली आणि स्टीम बंद? विंडोज फॉरमॅट करू नका, आधी एमटीयू बघा

तुम्ही पोस्टमध्ये विचारलंत, घरच्या नेटवर स्टीम (पीसीवर गेम विकत घेऊन उतरवायचं अ‍ॅप) का चालत नाही. लॉगिन कधी होतं, कधी नाही. स्टोअरचं पान पांढरंफटक, खाली एरर उणे ११८. डाउनलोड शून्यावर, आणि यूट्यूब मात्र फोर-केमध्ये पळतंय. वर नेटवाला म्हणतो, "सर, स्पीड टेस्ट बरोबर येतेय, प्रॉब्लेम तुमच्या पीसीत आहे." तुमची पोस्ट वाचताना वाटलं, माझीच जुनी तक्रार कुणीतरी कॉपी केलीय.

डाउनलोड कॅशे साफ करणं, अँटीव्हायरस बंद करून बघणं, डाउनलोड सर्व्हरचं रीजन मुंबईचं चेन्नई करणं हे तुम्ही केलंच असणार, त्यात जात नाही. फक्त बुधवारी पहाटे बंद पडत असेल तर तो स्टीमचा मेंटेनन्स असतो, काही न करता झोपा.

बाकी काही करण्याआधी त्याच पीसीला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा. हॉटस्पॉटवर स्टीम लगेच चालू झालं तर पीसीला हात लावायचा नाही. घोळ राउटरमध्ये किंवा लाइनमध्ये आहे. मी हे आमच्या नेटवाल्यांना पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. उत्तर काय, तर "मग तुमचं लॅन कार्ड गेलं असेल." नाव घेत नाही, पण त्यांच्या ऑफिसात तक्रार म्हणजे स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट, एवढंच समीकरण. आकडा हिरवा आला की तिकीट बंद. ती टेस्ट बहुतेक वेळा त्यांच्याच नेटवर्कमधल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते, पुढच्या रस्त्याबद्दल ती काहीच सांगत नाही. शेवटी त्यांचं म्हणणं पडलं, विंडोज फॉरमॅट केल्याशिवाय आम्ही माणूस पाठवणार नाही. केलं फॉरमॅट. गेम परत उतरवता येतात हो, पण ज्या जुन्या गेमना क्लाउड सेव्ह नाही त्यांच्या सेव्ह फाइली डॉक्युमेंट्समध्ये होत्या, त्या गेल्या त्या गेल्याच. आणि एवढं करून स्टोअरचं पान पांढरंच.

खरं कारण असं होतं. त्यांनी जुना डबा, म्हणजे राउटर, काढून नवा बसवला होता. आमची लाइन पीपीपीओईवर, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून जोडली जाणारी. नेटवर डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो, त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःला घेतं, म्हणून १५०० बाइटच्या जागी १४९२ च उरतात. नव्या डब्यात एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १५०० ठेवलेला. पुलाखालून रिक्षा निघून जातात, उंच ट्रक अडकतो, तसं होतं: लहान पॅकेट जातात, मोठी गळतात. मोठं पॅकेट अडलं की "लहान करून पाठव" असा निरोप परत जायला हवा. बरेच जण सुरक्षेच्या नावाखाली असे निरोप नेणारं आयसीएमपी सरसकट बंद करतात, मग तो निरोपही पोचत नाही आणि स्टीम वाट बघत बसतं. यूट्यूब ब्राउझरमधून बहुधा क्विक नावाच्या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतं, त्याची पॅकेट मुळात लहान असतात, म्हणून त्याला काही होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज तर चिमुकलेच. "बाकी सगळं चालतंय ना" हा नेटवाल्यांचा लाडका मुद्दा इथेच फसतो.

तपासायचं असं. कमांड प्रॉम्प्ट उघडा (कमांड अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करा): पिंग, स्पेस, हायफन एफ, स्पेस, हायफन एल, स्पेस, १४७२, स्पेस, १.१.१.१. पॅकेट तोडावं लागेल असा स्पष्ट मेसेज लगेच आला तर घाबरू नका, राउटर निदान बोलतोय. नुसतं रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं तर संशय पक्का करा. दोन्ही वेळा आकडा थोडा थोडा खाली आणा. जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू. माझं १४६४ ला आलं, म्हणजे १४९२. राउटरच्या सेटिंगमधल्या वॅन (बाहेरच्या लाइनच्या) पानावर तो टाकून रीस्टार्ट केलं आणि स्टोअर उघडलं. ते पान नेटवाल्यांनी लॉक केलं असेल तर विंडोजमध्येच त्या अडॅप्टरचा एमटीयू नेटएसएच कमांडने बदलता येतो, पण मग घरातल्या प्रत्येक मशीनवर ते करावं लागेल.

मी नेटवर्क इंजिनिअर नाही, बँकेत आहे. १४७२ ला सरळ उत्तर आलं तर तुमचा रोग वेगळा आहे, मग पीसीचं घड्याळ आणि विंडोजमधली प्रॉक्सी सेटिंग बघा. पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून आत यायला राउटरमध्ये वाट उघडण्याचे) व्हिडिओ मात्र माझ्या मते वेळ घालवणं आहे. स्टोअर आणि डाउनलोडसाठी क्लायंट, म्हणजे पीसीवरचं स्टीम, स्वतःच बाहेर जोडणी करतो. शिवाय राउटरचा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटलेल्या एकाच पत्त्यामागे, आहात, तिथे पोर्ट उघडून उपयोगच नाही.

नेटवाल्यांशी बोलताना "गेम चालत नाही" म्हणू नका. गेम म्हटलं की समोरचा तुम्हाला शाळकरी पोरगा समजतो. पिंगचं आउटपुट मेल करा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागा. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो, आणि निकाल पटला नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे फुकट जाता येतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्रं लिहू नका.

आणि एमटीयूचा आकडा कागदावर लिहून राउटरला चिकटवून ठेवा. लाइनमन आला की पहिलं रीसेटचं बटण दाबतो आणि सगळं परत १५०० वर जातं.