मुलं ४ आणि ७ वर्षांची, आम्हाला स्कीइंगचा गंध नाही. झुरिकच्या पहिल्या हिवाळ्यात बर्फात जावं का?

तुमचा प्रश्न वाचून हसू आलं. सात वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंना हे विचारलं होतं. तुम्ही लिहिलंय की पुण्याहून जुलैत आलात, शाळेत सगळे ‘फेब्रुवारीत कुठे जाणार?’ असं विचारतायत, खर्चाचा अंदाज येत नाही, आणि सासूबाई फोनवर म्हणतायत की पोरांना न्यूमोनिया होईल. यातला एकही मुद्दा आमच्या घरात निघाला नव्हता असं नाही.

जा. पण पहिल्याच दिवशी स्की भाड्याने घेऊ नका. आणि पुढे शिकायचं ठरलंच, तर मुलांना वर्गात सोडून तुम्ही दोघं खाली मोबाइल धरून उभे राहू नका. तुम्हीही शिका. बाकी सगळं हळूहळू कळतं, पण ही चूक आम्ही दोन हिवाळे केली आणि ती महागात पडली.

मी मूळची वाईची. लहानपणी बर्फ म्हणजे गोळेवाल्याचा, आणि डिसेंबरात एखाद्या सकाळी पेपरात येणारी ‘महाबळेश्वरात दवबिंदू गोठले’ ही बातमी, सोबत वेण्णा लेकच्या गवताचा फोटो. त्यामुळे इथे आल्यावर वाटलं होतं, हिवाळा म्हणजे खिडकीबाहेर कायम पांढरंशुभ्र. तसं काही नाही. झुरिकमध्ये बर्फ पडतो, दोन दिवस टिकतो आणि त्याचा चिखल होतो. नोव्हेंबर ते जानेवारी खरा त्रास आहे तो धुक्याचा. ढगांची एक करडी चादर शहरावर येऊन बसते आणि आठवडा आठवडा हलत नाही. पहिल्या वर्षी जानेवारीत मुलगी मला म्हणाली, "आई, सूर्य भारतात राहिला का?"

उत्तर साधं आहे, पण आम्हाला ते कळायला दोन महिने लागले. ही चादर बरेचदा हजारेक मीटरपर्यंतच असते. वर गेलात की लख्ख ऊन! पावसाळ्यात पसरणी घाटातून खाली बघताना वाई ढगात बुडालेली दिसते, तसं इथे अख्खं पठार बुडालेलं असतं. इथले लोक त्याला धुक्याचा समुद्रच म्हणतात. म्हणून मी तर म्हणते, इथे डोंगरावर जायचं ते बर्फासाठी नंतर, उन्हासाठी आधी. वेबकॅम बघून जा. जवळजवळ प्रत्येक ठिकाणाचा असतो.

सुरुवात स्लेजने करा. आपली लाकडी घसरगाडी. पुरेसा बर्फ झाला की घराजवळच्या युटलीबर्ग डोंगरावरून ट्रीमली स्टेशनपर्यंत साधारण तीन किलोमीटरची वाट स्लेजसाठी असते. लोकल ट्रेनने वर जायचं, घसरत खाली यायचं, ट्रीमलीला पुन्हा तीच ट्रेन पकडायची. आमची पहिली फेरी इथलीच. मी आणि नवरा जीन्स घालून गेलो होतो. मुलांना लोकरीचे हातमोजे, सातारच्या आत्याने विणून पाठवलेले. वीस मिनिटांत मोजे भिजून चिंब, मुलगा रडतोय, माझी जीन्स गुडघ्यापासून खाली कडक. शेजारून एक आजोबा नातवाला पुढ्यात घेऊन सूं करून गेले, जाताना ‘ग्रुएत्सी’, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाले. तेव्हा फार राग आला होता त्यांचा.

त्या दिवशी शिकलेलं सांगते. सुती काहीही अंगाला लागून घालू नका. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि मग थंडी वाजते. आत मेरिनो लोकर किंवा थर्मल, मध्ये फ्लीस, वर पाणी आत न येणारी पँट आणि जॅकेट. हातमोजे पाणी आत न घेणारेच, आणि लहान मुलांना पाच बोटांचे नकोत, पिशवीसारखे घ्या. बोटं एकत्र राहिली की गरम राहतात. एक जास्तीची जोडी सॅकमध्ये हवीच. आणि सनस्क्रीन विसरू नका. थंडीत कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, शिवाय दर हजार मीटर चढलं की ते साधारण १० टक्क्यांनी वाढतात. आपल्या रंगाची कातडीही भाजते, माझं नाक साक्षीला आहे. ओठांना मात्र आमच्याकडे अजून कोकमतेलाचा गोळाच चालतो. दुकानातल्या कुठल्याही ट्यूबपेक्षा बरा, आणि मुलगी तो वर्गातल्या मैत्रिणींना वाटते.

स्लेज चालवायची युक्ती मुलांना आधी सपाटीवर शिकवा: दोन्ही पायांचे तळवे सपाट टेकवले की ब्रेक, एक टेकवला की त्या बाजूला वळण. हेल्मेट इथेही घाला. जरा हात बसला की मग एक पूर्ण दिवस काढून बेर्ग्युन या डोंगरातल्या गावी जा. हिवाळ्यात तिथला आल्बुला घाटाचा रस्ता गाड्यांना बंद असतो आणि प्रेडापासून बेर्ग्युनपर्यंत सहा किलोमीटर स्लेजला मोकळा असतो. वर न्यायला लाल रंगाची ऱ्हेटियन रेल्वे. ही लाइन २००८ पासून जागतिक वारसा आहे. गोल बोगद्यांतून वळसे घेत चढते आणि तुम्ही स्लेजवरून खाली येताना डोक्यावरच्या दगडी पुलावरून तीच गाडी पुन्हा वर जाताना दिसते. मुलाने दिवसभरात पाच फेऱ्या केल्या आणि पाचही वेळा ड्रायव्हरला हात केला. स्कीइंग कधी जमलंच नाही तरी हे एवढं करा.

आता स्कीइंग.

चार वर्षांचं मूल शिकू शकतं. स्विस स्की स्कूलमध्ये अगदी छोट्यांसाठी स्नोली नावाच्या सशाचं बालवाडीसारखं मैदान असतं, नंतर निळ्या, लाल, काळ्या अशा पायऱ्या आणि प्रत्येक पायरीत राजपुत्र, राजा, तारा अशी बढती. मुलं या बिल्ल्यांसाठी जीव टाकतात. वर चढायला रबराचा सरकता पट्टा असतो. त्याला जादूचा गालिचाच म्हणतात. पहिला धडा जगभर एकच: स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, म्हणजे ‘पिझ्झा’, वेग कमी. दोन्ही समांतर म्हणजे ‘फ्राइज’, सुसाट. आठवडाभर आमच्या स्वयंपाकघरातही मुलगा पायमोज्यांवर पिझ्झा करत फिरत होता. आठवड्याच्या वर्गाचे काही शे फ्रँक जातात, हे खरं आहे. तरी आईबापांनी शिकवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, कारण आईबापांकडून शिकताना मूल जे रडतं ते शिक्षकाकडे रडत नाही.

साहित्य विकत घेऊ नका, सीझनभरासाठी भाड्याने घ्या. ऑक्टोबरातच, नाहीतर लहान मापं संपतात. शिकाऊ मुलाची स्की छाती ते हनुवटीच्या दरम्यान यावी. काठ्या पहिल्या वर्षी लागतच नाहीत. आणि बुटांबाबत एक कळकळीची विनंती: ‘वाढत्या अंगाचे’ घेऊ नका! ती आपली सवय मी दुकानातही सोडली नाही. दुकानदार नको म्हणत होता, तरी मी मुलीला एक नंबर मोठे घेतले. पाय आत होडीसारखा हलत राहिला, बूट वळला तरी पाय वळेना, दोन दिवसांत नडग्या सोलल्या आणि पोरगी म्हणाली मला स्कीइंग आवडत नाही. तिला आवडत नव्हते ते माझे बूट. त्यात मोजेही एकच घालायचे, पातळ आणि उंच. दोन घातले की पाय उलट गार पडतात.

आम्ही स्वतः मात्र दोन हिवाळे खाली उभे होतो. कॉफी पीत, व्हिडिओ काढत, पाय आपटत. मला वाटायचं, पस्तिशीत काय हाडं मोडून घ्यायची, पोरं शिकतायत ना, पुष्कळ झालं. तिसऱ्या वर्षी मुलगी निळ्या, म्हणजे सोप्या वाटेवरून सहज उतरायला लागली आणि लिफ्टने वर जायला तिला मोठं माणूस हवं होतं. ते माणूस दुसऱ्या कुणाची तरी आई होती. संध्याकाळी मुलगी ट्रेनमध्ये मैत्रिणीशी स्विस जर्मनमध्ये बर्फाच्या जातींवर बोलत बसली: भुकटीचा बर्फ, दुपारचा ओला बर्फ, रस्त्यावरचा पचपचीत ‘फ्लोच’. माझ्याकडे या सगळ्याला एकच शब्द, तोही गोळ्यावाल्याचा. पुढच्याच शनिवारी आम्ही दोघांनी मोठ्यांच्या नवशिक्या वर्गात नाव घातलं.

सोपं नव्हतं. दांड्याच्या लिफ्टला उलट्या टी अक्षरासारखा आडवा दांडा असतो. त्यावर बसायचं नसतं, तो नुसता मागून ओढतो. नवरा झोपाळ्यावर बसावं तसा ऐसपैस बसला, दांडा खाली गेला, तोही गेला आणि मागचे चौघे थांबले. माझं म्हणाल तर पहिल्या दिवशी मी थांबले ते कुंपणाच्या जाळीमुळे. पण तिसऱ्या दिवशी पिझ्झा जमला. आता मुलं माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने जातात आणि प्रत्येक वळणावर थांबून वाट बघतात, तेही कंटाळून. चालतं मला.

परके आहोत म्हणून बुजू मात्र नका. इथे गोष्ट सांगतात की १८६४ साली सेंट मॉरिट्झच्या बाड्रुट नावाच्या हॉटेलवाल्याने उन्हाळी इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली: हिवाळ्यात येऊन बघा, आवडलं नाही तर प्रवासखर्च माझा. दाव्होसला १८८३ मध्ये स्लेजची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली, तीही पाहुण्यांच्याच हौसेतून. स्की तर मुळात नॉर्वेहून आल्या. फेब्रुवारीची सुट्टीसुद्धा खेळाच्या प्रेमातून आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात शाळा तापवायचा कोळसा वाचवण्यासाठी ती सुरू झाली.

पहिल्यांदा कुठे जावं, तर माझं मत फ्लुम्सरबर्ग. वालेनझे तलावाकाठी उंटरटेर्झन स्टेशनवर उतरलं की शेजारीच गोंडोला, म्हणजे दोरावरून वर जाणारे बंद डबे. गाडी नसली तरी अडत नाही. सहा वर्षांखालच्यांना ट्रेन फुकट, सात वर्षांच्या मुलासाठी ३० फ्रँकचं ज्युनिअर कार्ड काढा. त्यावर ते तुमच्यासोबत वर्षभर फिरतं. गोंडोलात कान दडतात, तेव्हा मुलांना चघळायला आवळासुपारी द्या. डबा घरून न्या, बहुतेक ठिकाणी स्वतःचं खायला खोली असते. मेथीचे पराठे आणि थर्मासमधला चहा उघडला की आजूबाजूचे माना वळवतात. वर विकत घ्यायचंच झालं तर मॅकरोनी, बटाटा, चीज आणि सोबत सफरचंदाचा मुरंबा असा एक गोडखारा प्रकार मिळतो. शाकाहारी असाल तर बेकन नको हे आधी सांगा.

अपघाताचं एवढंच बघा की मुलांच्या आणि नोकरी नसलेल्या जोडीदाराच्या आरोग्यविम्यात अपघात धरलेला आहे. नोकरी करणाऱ्याचा साधारणपणे मालकाकडून असतो. डोंगरावरून सुटकेचा खर्च मूळ विमा निम्माच देतो, तोही वर्षाला ५,००० फ्रँकपर्यंत. म्हणून बरीच कुटुंबं रेगा या १९५२ पासूनच्या हवाई बचावसेवेचे वर्गणीदार होतात. तिचा नंबर १४१४, फोनमध्ये घालून ठेवा. हिमस्खलनाची भीती वाटत असेल तर आखलेल्या वाटा आणि दोऱ्या सोडू नका. दाव्होसची हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ धोक्याची पातळी जाहीर करते, एक ते पाच. दोरीपलीकडचा बर्फ कितीही मोहक दिसला तरी मुलं सोबत असताना तो आपला नाही.

आणखी एक. पाचवी-सहावीत काही वर्ग आठवडाभराच्या स्की शिबिराला जातात. खर्चाची धास्ती घेऊ नका: सक्तीच्या शालेय शिबिरासाठी पालकांकडून जेवणापोटी दिवसाला फार तर १० ते १६ फ्रँक घेता येतात, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. स्कीइंग न येणाऱ्यांचा वेगळा गट असतो, त्यामुळे तोवर शिकलंच पाहिजे असंही नाही.

राहता राहिल्या सासूबाई. सर्दी विषाणूने होते, बर्फाने नाही, हे मी माझ्या सासूबाईंना फोनवर तीन वर्षं सांगितलं. उपयोग शून्य. मग एका फेब्रुवारीत त्या इथे आल्या. पंधरा दिवस हीटरशेजारी शाल घेऊन बसल्या, बाहेर तेच करडं आभाळ. सोळाव्या दिवशी कसंबसं तयार करून त्यांना फ्लुम्सरबर्गला नेलं. गोंडोला धुक्यातून वर आला, समोर ऊन आणि पांढरे डोंगर. त्या गच्चीवरच्या खुर्चीत बसल्या, शाल काढून मांडीवर ठेवली, नातवाला पिझ्झा करत येताना पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढं ऊन होतं इथे, तर पंधरा दिवस मला खाली का कोंडून ठेवलंत गं?"