कायोटीसाठी एकच रायफल: .२२३, पण नळीचा पीळ बघून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेक्ससमध्ये फोर्ट वर्थच्या पश्चिमेला बारा एकर जागा, दहाएक शेळ्या आणि कोंबड्या, पहाटे कायोटी (कोल्ह्यासारखे जंगली प्राणी) पार कुंपणापर्यंत येतात. शिवाय वर्षातून एकदा मित्रांबरोबर साउथ डकोटात प्रेरी डॉग (बिळात वसाहत करून राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) मारायला जायचा बेत. दुकानदार .२२-२५० घ्या म्हणतो, शेजारी .२४३ म्हणतो, ऑफिसातला मित्र एआर (एआर-१५ पद्धतीची अर्धस्वयंचलित रायफल) घे म्हणून मागे लागलाय. रायफल एकच घ्यायची आहे.

.२२३ रेमिंग्टन घ्या. बोल्ट अ‍ॅक्शन (प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने ओढायची), २० ते २२ इंच नळी, पीळ (गोळीला फिरवणाऱ्या नळीतल्या वळणदार खाचा) १:८. शेवटचा आकडा दुकानात सहसा कोणी सांगत नाही आणि घोळ तिथेच होतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोंधळ दूर करू. .२२ हॉर्नेट, .२२३, .२२-२५० आणि .२२० स्विफ्ट या चौघांतूनही .२२४ इंच व्यासाचीच गोळी सुटते. फरक पुंगळीचा, म्हणजे मागे किती दारू मावते त्याचा. तेव्हा ‘कोणतं कॅलिबर’ हा प्रश्न खरं तर ‘कोणतं काडतूस’ असा आहे. ५५ ग्रेनची (साडेतीन ग्रॅमची) तीच गोळी .२२३ मधून सेकंदाला सुमारे ३,२४० फुटांनी सुटते, .२२-२५० मधून ३,६८० फुटांनी. हे आकडे २४ इंची नळीचे आहेत. नळी कमी झाली की इंचामागे साधारण २५-३० फूट वेग जातो, म्हणजे मित्राच्या १६ इंची एआरमधून तीच गोळी तीन हजाराच्या आसपास येईल.

आता या जादा ४४० फुटांनी तुमच्या हातात काय पडतं ते बघा. दोन्ही रायफली २०० यार्डांवर झीरो केल्या (गोळी नेमकी नेमावर लागेल अशा लावल्या), तर ३०० यार्डांवर .२२३ ची गोळी सहा इंच खाली लागते, .२२-२५० ची साडेचार इंचांच्या आत. दहा मैलांचा वारा आडवा असेल तर ३०० यार्डांवर .२२३ ची गोळी अकरा इंच सरकते, .२२-२५० ची नऊ. कायोटीच्या छातीत नेम धरायची जागा तळहाताएवढी, चार इंचांची. अंगावर केस भरपूर असल्याने जनावर दिसतं त्यापेक्षा बरंच लहान असतं. नऊ काय किंवा अकरा काय, वाऱ्याचा अंदाज चुकला तर दोन्ही गोळ्या त्या जागेबाहेरच जाणार. आणि टेक्ससच्या मेस्कीट-सीडरच्या झुडपांत आवाज देऊन बोलावलेला कायोटी बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आत समोर येतो. तिथे या दोन काडतुसांत व्यवहारात काहीच फरक राहत नाही. .२२-२५० चा फायदा खरा आहे, नाही म्हणत नाही, पण तो वायोमिंग-मोंटानाच्या उघड्या माळावर अडीचशे ते चारशे यार्डांत मिळतो. तुमच्या बारा एकरांत इतका लांब बार टाकायला जागाच नाही.

प्रेरी डॉगच्या वसाहतीवर हिशेब आणखी बदलतो, कारण तिथे दिवसाला शे-दोनशे काडतुसं सहज उडतात. .२२३ मध्ये साधारण २५ ग्रेन दारू जळते, .२२-२५० मध्ये ३५ च्या आसपास. पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एका पौंडात .२२३ ची २८० काडतुसं होतात आणि .२२-२५० ची २००. पण दारूच्या खर्चापेक्षा मोठी भानगड उष्णतेची. तेवढ्याच व्यासाच्या भोकातून जास्त दारूची आग जाते आणि चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) तोंडाशी पीळ जिथे सुरू होतो तिथलं पोलाद आधी झिजतं. नळी हाताला चटका देऊ लागली तरी बार चालूच ठेवले की अशा नळ्या एक-दोन हंगामांत बिघडतात, आणि मालक मात्र काडतुसांना दोष देत बसतो. सोपा नियम: बोल्ट उघडा ठेवून नळीला हात लावा, पाच सेकंद धरवत नसेल तर थांबा.

आता पीळ. १:८ म्हणजे आठ इंचांत गोळीचा एक पूर्ण फेरा. गोळी जितकी लांब, तितका घट्ट पीळ लागतो. लोक वजनावर जातात, पण स्थिरता लांबीवर ठरते. जुन्या .२२३ व्हारमिंट (लहान उपद्रवी प्राण्यांसाठीच्या) रायफलींना बऱ्याचदा १:१२ असतो, तो ५५ ग्रेनच्या शिशाच्या गोळीपर्यंत ठीक. १:९ वर ६९ ग्रेनच्या आसपास निभतं, १:८ वर ७७ पर्यंत. .२२-२५० च्या बऱ्याचशा रायफली अजून १:१४ वर येतात, म्हणजे ५५ ग्रेनच्या पुढे दार बंद. पीळ अपुरा असला की गोळी हवेत गटांगळ्या खाते. कागदावर भोक गोल न पडता लांबट, किल्लीच्या भोकासारखं पडलं की समजा.

उलट बाजूही आहे. काही व्हारमिंट गोळ्यांचं तांब्याचं कवच मुद्दाम फार पातळ ठेवलेलं असतं. .२२-२५० च्या वेगाने १:८ च्या नळीतून गोळी सुटली तर ती मिनिटाला ३,३०,००० च्या वर फेरे घेते, आणि असलं कवच वाटेतच फाटतं. समोर करड्या धुराची रेघ दिसते आणि कागद कोरा! .२२३ च्या वेगाला १:८ मध्ये फेरे २,९०,००० च्या आसपास राहतात. नेहमीच्या ५०-५५ ग्रेनच्या प्लास्टिक टोकाच्या गोळ्या हे सोसतात, तरी अतिपातळ कवचाच्या गोळीचा डबा घेण्याआधी त्यावरची वेगमर्यादा वाचा.

पिळाचा मुद्दा कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना तर फारच लागू आहे. तिथे १ जुलै २०१९ पासून कोणत्याही वन्य प्राण्यावर बंदुकीने शिशाची गोळी वापरायला बंदी आहे, कायोटी आणि खारीसुद्धा त्यात आल्या. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून ५५ ग्रेनची तांब्याची गोळी शिशाच्या ५५ पेक्षा लांब भरते. १:१४ ची जुनी .२२-२५० तिथे एकदम अडचणीची होते.

गोळी कोणती? कायोटीला ५० किंवा ५५ ग्रेनची, प्लास्टिक टोकाची नाहीतर सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली). स्वस्त पडते म्हणून पूर्ण कवचाची, सैनिकी पद्धतीची गोळी घेऊ नका. ती पसरत नाही, सुईसारखं भोक पाडून जाते, जनावर दोनशे यार्ड पळून झुडपात मरतं आणि गोळी पलीकडे दगडावरून उसळते. पसरणारी हलकी गोळी जमिनीवर बहुधा फुटते, शेजारी घरं असताना हे मोलाचं आहे. कातडं विकायचं असेल (डिसेंबर-जानेवारीत केस भरलेले असतात) तर नेम खांद्याच्या मागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. खांद्याच्या हाडावर हलकी जलद गोळी वरच्यावर फुटते, बाहेर मोठी जखम आणि आत काही नाही. .२०४ रुगरच्या ३२ ग्रेनवर हा आरोप सर्वांत जास्त होतो. .२०४ घेणाराने कायोटीसाठी ४० ग्रेनच वापरावी. ती ३,९०० फुटांनी सुटते आणि ३०० यार्डांवर त्याच वाऱ्यात साडेसात-आठ इंचच सरकते. २००४ चं हे काडतूस मला आवडतं: धक्का इतका कमी की गोळी लागलेली दुर्बिणीतून दिसते. पण गावच्या दुकानात ते मिळेलच असं नाही. .२२३ मात्र बंदुकीच्या जवळजवळ प्रत्येक दुकानात असतं. (वॉलमार्टमध्ये शोधू नका, त्यांनी २०१९ मध्ये .२२३ आणि त्याचं सैनिकी भावंड ५.५६ ठेवणं बंद केलं.)

५.५६ चा डबा दिसायला तसाच असतो. नळीवर फक्त ‘.२२३’ कोरलेलं असेल तर त्यात ५.५६ घालू नका, दाब जास्त येतो. उलट, ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ चालतं.

शेजाऱ्याचं .२४३ मी एकाच कारणासाठी मान्य करेन: त्याच रायफलीने हरणही मारायचं असेल तर. १९५५ चं हे काडतूस ५८ ग्रेनपासून १०० ग्रेनपर्यंत सगळं चालवतं, आणि ८७ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर त्याच वाऱ्यात या सगळ्यांत कमी, साडेसहा इंच सरकते. टेक्ससमध्ये हरणाला सेंटरफायर (पुंगळीच्या तळाच्या मध्यावर टोला बसून पेटणारं काडतूस) असणं पुरेसं आहे, पण कोलोरॅडोत किमान .२४ कॅलिबर आणि ७० ग्रेनची गोळी लागते, तिथे .२२३ बाद. याची किंमत म्हणजे दुपटीहून जास्त धक्का आणि लवकर तापणारी नळी. प्रेरी डॉगवर दुपारपर्यंत खांदा बोलायला लागतो.

.१७ एचएमआर कायोटीसाठी नको. १७ ग्रेनची गोळी २,५५० फुटांनी सुटते खरी, पण २०० यार्डांवर दहा मैलांच्या वाऱ्यात चौदा इंच वाहते आणि जोर संपलेला असतो. दीडशे यार्डांच्या आत खारी आणि प्रेरी डॉग, तेवढंच तिचं काम.

खरेदीआधी कागदपत्रं. आपल्यापैकी बरेच जण एच-१बी किंवा एल-१ वर असतात, म्हणून लिहितो: अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूकच काय, काडतूसही जवळ बाळगता येत नाही. यातला नेहमीचा अपवाद म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. दुकानात ४४७३ नंबरच्या फॉर्मवर हा प्रश्न असतो, परवान्याची प्रत न्यावी लागते. यातली मेख अशी की टेक्ससचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. तो संपला आणि रायफल घरात राहिली, तर १ सप्टेंबरला तुम्ही गुन्हेगार. नवा परवाना ऑगस्टमध्येच काढा, आणि शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, बंदुकीच्या दुकानदाराला नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

टेक्ससमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. पण गोळी तुमच्या हद्दीबाहेर जाता कामा नये, पलीकडच्या मालकाची लेखी परवानगी असेल तरच चालतं. दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉटच्या वसाहतीत काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं स्थानिक प्रशासन) गोळीबारावर बंदीही घालू शकते. तुमचे बारा आहेत, तरी काउंटीला एक फोन करा. बार टाकायची जागा आधीच ठरवून ठेवा, मागे मातीचा चढ किंवा तळ्याचा बांध हवा, नुसती झाडं चालणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर शेळ्यांसाठी पहिला खर्च ग्रेट पिरनीज जातीचा राखणीचा कुत्रा आणि विजेचं कुंपण यांवर करा. एक कायोटी मारला की त्याच्या जागी दुसरा येतो.

रायफल आली की तीन वेगवेगळ्या ५०-५५ ग्रेनच्या काडतुसांचे वीस-वीसचे डबे आणा. १०० यार्डांवर प्रत्येकाचे पाच-पाचचे दोन गट, मधे नळी गार होऊ देत. जो डबा सर्वांत लहान गट देईल त्याच लॉटचे आणखी डबे उचला. मग १०० यार्डांवर नेमक्या मध्यावर लावा आणि दुर्बीण पाव-मिनिटाच्या टिकांची (एका टिकेला १०० यार्डांवर पाव इंच) असेल तर सहा टिका वर द्या. आता गोळी शंभरला दीड इंच वर, दोनशेला मध्यावर, आणि सव्वादोनशेपर्यंत कायोटीवर सरळ नेम. २०० वर प्रत्यक्ष मारून खात्री करा, कागदी हिशेबावर राहू नका.

यात एक जागा सगळ्यांना फसवते. दुर्बीण नळीच्या दीड इंच वर बसते, त्यामुळे पंचवीस यार्डांवर गोळी सुमारे अर्धा इंच खाली लागते. एआरवर दुर्बीण अडीच इंच उंच असते, तिथे सुमारे सव्वा इंच खाली. खुराड्यापाशी उंदीर-खारीवर नेम धरताना तेवढा वर धरा.