शिनाण्यांचा डिंक जखमेवर चालेल का?

प्रश्न : ओहोटीला खडकावर कालवे काढताना हाताला हमखास चीर जाते आणि तिच्यावर लावलेली चिकटपट्टी पाण्यात हात घालताच सुटते. शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे शिंपले, मात्र त्याच पाण्यात, लाटांचा मार खात खडकाला घट्ट असतात. त्यांचा डिंक जखमेवर का वापरत नाहीत?
— एक वाचक भगिनी, रत्नागिरी

उत्तर : पट्टी सुटते ती डिंक कमी पडतो म्हणून नव्हे. ओल्या त्वचेवर पाण्याचा बारीक थर असतो आणि डिंक त्वचेला न लागता त्या थरावरच बसतो; वाहत्या रक्ताचेही तसेच होते. शिनाणे साफ करताना आपण जे तपकिरी केस ओढून काढतो, त्यातला प्रत्येक केस म्हणजे टोकाला चिमुकली चकती असलेला दोर आहे. या चकतीतील प्रथिनांत डोपा नावाचे अमिनो आम्ल असते आणि ते दगडावरचे पाणी बाजूला सारून दगडालाच धरते. अटलांटिकमधील निळ्या शिंपल्यांच्या डिंकात डोपा असल्याचे शास्त्रज्ञ हर्बर्ट वेट यांनी १९८१ मध्ये दाखवले. मात्र एक ग्रॅम प्रथिनासाठी सुमारे १०,००० शिंपले लागतात, म्हणून संशोधक डोपासारखे रेणू प्रयोगशाळेत घडवून जेलला जोडतात.

मला याहून मोलाचा वाटतो तो बार्नॅकलचा धडा. होडी किनाऱ्यावर ओढून तळ खरवडताना जी पांढरी, टोकदार कवचे निघता निघत नाहीत, तोच हा जीव. तो आधी तेलकट द्रव सोडून जागा स्वच्छ करतो आणि मगच डिंक सोडतो. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हीच रीत धरून चिकट कण सिलिकॉन तेलात कालवले. हे मलम दाबले की तेल रक्ताला दूर सारते, कण ऊतीला पकडतात, आणि डुकरांच्या यकृताचा रक्तस्राव अशा रीतीने काही सेकंदांत थांबला.

आपल्या चिरेवर मात्र बाजारातला झटपट चिकटणारा गोंद कृपया लावू नका. त्याने त्वचा पोळते आणि आत राहिलेली घाण कोंडली जाते. जखम वाहत्या गोड्या पाण्याने धुवा, कवचाचा तुकडा राहिला नाही ना ते पाहा, आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते आठवा. खाऱ्या पाण्यातील काही जिवाणू फार वेगाने पसरतात. त्यामुळे हात सुजला, लाल झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.