वाचकांचे प्रश्न : टुंड्रातला बर्फ आणि संगणकाचा हिशेब

प्रश्न : माझा मुलगा भूगोलाच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. आल्प्समधल्या बर्फासाठी तयार केलेली संगणकीय प्रारूपे टुंड्रा प्रदेशात चुकतात, असे त्याच्या वाचनात आले. बर्फ तर सगळीकडे सारखाच असतो. मग चुकते कोठे, आणि चुकल्याने बिघडते काय?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : फ्रान्सचे ‘क्रोकस’ आणि स्वित्झर्लंडमधील दावोस येथे घडवलेले ‘स्नोपॅक’ ही या क्षेत्रातील दोन नावाजलेली प्रारूपे हिमस्खलनाच्या अंदाजासाठी जन्माला आली. डोंगरात बर्फ जाड साचतो, वरच्या थरांच्या भाराने खालचे थर दबतात आणि घनता तळाकडे वाढत जाते. प्रारूपांचा हिशेब या दबण्यावर उभा आहे.

टुंड्रात चित्र नेमके उलटे असते. तेथे बर्फ बहुधा गुडघ्याच्याही खालीच राहतो. वरचा थर वाऱ्याने कण फोडून, ठासून इतका घट्ट केलेला असतो की इन्युइट लोक अशाच बर्फाच्या विटा कापून इग्लू रचत आले. तळाशी मात्र ‘डेप्थ होर’ नावाचा भुसभुशीत थर असतो. त्याचे पेल्याच्या आकाराचे, काही मिलिमीटर लांबीचे स्फटिक मुठीत घेतले तर जाड्या साखरेसारखे बोटांतून गळतात. घनमीटरला वरच्या थराचे वजन साडेतीनशे किलोच्या आसपास, तर तळाचे दोनशे-अडीचशे किलो भरते.

याचे कारण आपल्या फ्रीजरमध्येही दिसते. सोललेल्या मटारची पिशवी महिना-दोन महिने तशीच राहिली, की आत बर्फाचे बारीक कण चमकू लागतात. बाहेरून पाणी न येता मटारमधलीच वाफ थंड बाजूला जाऊन गोठलेली असते. टुंड्रात जमीन उणे ८ अंश आणि बर्फाचा पृष्ठभाग उणे ३० अंश असेल, तर ४० सेंटिमीटरमध्ये २२ अंशांचा, म्हणजे मीटरला ५५ अंशांचा फरक पडतो. एवढ्या फरकामुळे तळाची वाफ सतत वर सरकते, तळ पोकळ होत जातो आणि ते वस्तुमान वरच्या थरांत जमा होते. वाफेची ही वाटचाल या प्रारूपांच्या रूढ हिशेबात धरलेलीच नव्हती.

कॅनडात इनुविकजवळच्या ट्रेल व्हॅली क्रीक येथील मोजमापांशी ताडून क्रोकसमध्ये बदल केले गेले आहेत : वाऱ्याने होणारे घट्टीकरण वाढवणे, झुडपांच्या फांद्या तळाचा बर्फ तोलून धरतात हे मान्य करणे. त्याने वरच्या थरांचे आकडे सुधारतात. पण माझ्या मते वाफेचे भौतिकशास्त्र बसवल्याखेरीज तळाचे उत्तर भरवशाचे होणार नाही.

बिघडते ते बर्फाखाली. डेप्थ होर हे उत्तम पांघरूण आहे. त्यातून उष्णता फार कमी निसटते. प्रारूपाने तोच थर घट्ट मानला, तर हिवाळ्यात जमीन प्रत्यक्षाहून अधिक थंड झाल्याचे उत्तर येते. उत्तरेकडील कायम गोठलेल्या जमिनींत वातावरणातील कार्बनच्या सुमारे दुप्पट कार्बन साठलेला आहे, आणि तेथील सूक्ष्मजीव शून्याखालच्या तापमानातही तो थोडाफार कुजवून हवेत सोडत असतात. त्यामुळे मातीच्या तापमानातली दोन-तीन अंशांची चूकसुद्धा हिवाळ्यात बाहेर पडणाऱ्या कार्बनचा अंदाज बदलून टाकते.

आपल्या मुलाने प्रारूपाचा निकाल पाहताना बर्फाच्या जाडीवर समाधान मानू नये. घनतेचा उभा आलेख काढावा. घनता तळाकडे वाढत जाताना दिसली, तर त्या प्रारूपाने दिलेले जमिनीचे तापमान प्रत्यक्ष मोजमापाशी ताडल्याशिवाय वापरू नये.